दात कशाने घासता?

गरोदर बाईचं नाव नोंदवताना सरकारी दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "काही व्यसन आहे का?" उत्तरही हमखास ठरलेलं. "नाही हो, बाई." नाही अशी खूण होते आणि पुढचे रकाने भरले जातात: वजन, रक्तदाब, पाळीची शेवटची तारीख. उत्तर देणारी खोटं बोलत नसते. व्यसन म्हणजे दारू, किंवा फार तर नवऱ्याच्या खिशातली पुडी. ती स्वतः सकाळी उठल्याबरोबर जे काळं बोट हिरड्यांवरून फिरवते, त्याला तिच्या सासरी कुणी व्यसन म्हणत नाही, माहेरीही म्हणत नाही. त्याला दात घासणं म्हणतात.

तोच प्रश्न जरा वाकडा करून विचारावा. "वहिनी, दात कशाने घासता?"

"मशेरीनं." लगेच, न लाजता.

"दिवसातून किती वेळा?"

इथे ती थोडी थबकते. सकाळी एकदा. जेवण झाल्यावर. दुपारी भांडी झाली की. झोपताना. मग आपलं आपल्यालाच हसू येतं. दिवसातून चार वेळा दात घासणारं माणूस तालुक्यात शोधून सापडायचं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की गरोदरपणातल्या तंबाखूचा निम्मा घोळ या शब्दात आहे. गर्भारपण आणि व्यसन म्हटलं की डोळ्यांसमोर सिगारेट ओढणारी शहरी बाई येते. महाराष्ट्रातली खरी बाई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उकिडवी बसलेली असते आणि तिच्या हातात डबी असते.

मशेरीची कृती घरच्या कुठल्याही भाजणीइतकी घरगुती आहे. बाजारातून तंबाखू आणायची, लोखंडी तव्यावर नाहीतर मातीच्या खापरावर मंद आचेवर टाकायची आणि हलवत राहायचं. आधी उग्र, ओलसर वास सुटतो. मग धूर होतो. मग पोरांना ठसका लागतो आणि कुणाकडे मशेरी भाजताहेत ते पलीकडच्या आळीला कळतं. पान कोळशासारखं काळं पडलं, बोटांत धरल्यावर कुरकुरीत चुरा व्हायला लागला की तवा उतरवायचा. गार झाल्यावर चुरायचं, कुणी वाटून वस्त्रगाळ करतं, आणि डबीत भरायचं. कुणी मशेरी म्हणतं, कुणी मिसरी, कुणी मिश्री. वाण्याकडे तयार पुडीही मिळते, पण घरच्या भाजणीची सर तिला नाही असं जुन्या बायका ठामपणे सांगतात.

भाजल्यामुळे तंबाखूतलं विष जळून जातं, असा एक समज आहे. उलट आहे. निकोटीन सगळं जळत नाही, तल्लफ भागवण्यापुरतं भरपूर उरतं. शिवाय पान अर्धवट जळताना बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं नव्याने तयार होतात, जी कच्च्या पानात एवढी नव्हती. म्हणजे तव्यावर विष जळत नाही, त्यात भर पडते. सरकारला हे कळलं नव्हतं असं नाही. 1992 मध्येच दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने बंदी केली. पण तो कायदा कारखान्याला लागू होतो. घरातल्या तव्याला नाही.

दुसरा समज जास्त चिवट आहे. "आम्ही गिळत नाही, थुंकतो. पोटात जातच नाही, तर पोटातल्या बाळाला कसं जाईल?" तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण गिळलं असतं तर निकोटीन आतड्यातून आधी यकृताकडे गेलं असतं आणि यकृताने त्यातलं बरंचसं मोडून टाकलं असतं. हिरडीचं आणि गालाचं आतलं अस्तर पातळ असतं, त्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. तिथून शोषलेलं निकोटीन यकृताला वळसा घालून थेट अंगभर फिरतं. सिगारेटचं निकोटीन झपकन चढतं आणि झपकन उतरतं. हिरडीतून गेलेलं सावकाश चढतं आणि रेंगाळतं. म्हणून मशेरी लावून पाच-दहा मिनिटं बसलेल्या बाईला किक बसल्यासारखं काही वाटत नाही. फक्त "बरं वाटतं." त्या बरं वाटण्यावर सगळी गाडी चालते.

आईच्या रक्तातून वारेत आणि वारेतून बाळात जायला निकोटीनला काही मिनिटं पुरतात. वार म्हणजे गाळणी, ती वाईट ते अडवते, असं पूर्वी समजत. वार निकोटीन अडवत नाही. बाळाच्या रक्तातली पातळी आईइतकी किंवा किंचित जास्तच भरते, गर्भजलात तर त्याहून जास्त साठतं. मोठ्या माणसाच्या रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं. नवजात बाळाला तेवढ्याच कामाला नऊ ते अकरा तास लागतात, कारण त्याचं यकृत अजून कच्चं असतं. आईने सकाळी, दुपारी, संध्याकाळी लावलं, तर बाळाच्या बाजूला हिशोब कधी शून्यावर येतच नाही.

आता गंमत अशी की (गंमत कसली म्हणा) गरोदरपणात मशेरी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. त्यामागे चार कारणं आहेत आणि चारही खरी आहेत. म्हणूनच नुसतं "सोड" म्हणून भागत नाही.

पहिलं कारण मळमळ. तोंडाला पाणी सुटतं, कशाचा वास सहन होत नाही, आणि मशेरीच्या कडवट चटक्याने तेवढ्यापुरतं तोंड बरं होतं. दुसरं, पोट. गर्भारपणात आतडी मंदावतात आणि निकोटीन आतड्याला ढकलतं. "मशेरी लावल्याशिवाय परसाकडं होत नाही" ही तक्रार मनाचे खेळ नाहीत, त्यामागे शरीराचं गणित आहे. तिसरं, हिरड्या. दुसऱ्या महिन्यापासून संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, हुळहुळतात, हात लावला तरी रक्त येतं. मशेरीने जागा बधिर होते, म्हणून वारंवार लावावीशी वाटते. चौथं कारण बाईला स्वतःलाही माहीत नसतं. गर्भारपणात शरीर निकोटीनचा निचरा एरवीपेक्षा सुमारे 60 टक्के वेगाने करतं. पूर्वी चार तास पुरणारं बोट आता अडीच तासांत संपतं. डबी लवकर रिकामी होते आणि बाई म्हणते, "डोहाळेच लागलेत मला मशेरीचे."

हे सगळं पोटातल्या बाळाला किती महागात पडतं, याचं उत्तर मुंबईतच मोजलेलं आहे. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या 1,217 गर्भवतींचा मागोवा घेतला आणि 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्यांतल्या सुमारे 17 टक्के बायका बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, आणि त्यातही बहुतेकींची ती मशेरीच. या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली आणि सरासरी 6.2 दिवस आधी जन्मली. 37 आठवड्यांच्या आत बाळंत होण्याची शक्यता 1.4 पट होती, 32 आठवड्यांच्या आत जवळजवळ पाचपट, आणि 28 आठवड्यांच्या आत आठपट. याच गटाच्या पुढच्या अभ्यासात मृत मूल जन्मण्याचा धोका अडीचपटीहून जास्त निघाला.

105 ग्रॅम म्हणजे काय, एवढं तर चार बिस्किटांनी भरून निघेल, असं वाटू शकतं. सरासरी हा आकडा फसवा असतो. जे बाळ एरवी 3,200 ग्रॅमचं होणार होतं, त्याचं 3,100 झालं तर कुणाला कळणारही नाही. पण आपल्याकडे पुष्कळ बाळं 2,500 च्या आसपास रेंगाळतात. तिथे शंभर ग्रॅमने पारडं फिरतं. बाळ कमी वजनाच्या यादीत जातं, अंग गार पडतं, दूध ओढायला ताकद पुरत नाही. आणि सहा दिवस हा आकडाही तसाच. सगळ्यांचे सहा-सहा दिवस जात नाहीत. बऱ्याच जणींचं काहीच जात नाही आणि एखादीचे दोन महिने जातात. म्हणूनच शेजारच्या काकू छातीठोकपणे सांगू शकतात, "माझी चार झाली मशेरीवर, चारही धडधाकट." काकू खरंच सांगत असतात. पण ज्यांचं पाचव्या-सहाव्या महिन्यात गेलं, त्या बायका ओट्यावर बसून त्याबद्दल बोलत नाहीत.

बाळ लहान राहिलं तर बाळंतपण सोपं जातं, हाही एक हिशोब आजीच्या पिढीत होता आणि अजून पुरता गेलेला नाही. वेळेआधी आलेलं बारीक बाळ सुटतं पटकन, हे खरं. पण त्याची फुप्फुसं उघडायला आणि त्याला पेटीत ठेवायला पुढे जे आठवडे जातात, ते या हिशोबात कुणी धरत नाही.

तर सोडायची कशी? आधी एक भीती काढून टाकावी लागते. "एकदम बंद केलं तर बाळाला धक्का बसेल." तंबाखूच्या बाबतीत हे खोटं आहे. आज रात्री बंद केली तर आईला त्रास होईल, बाळाला नाही. (दारूचं आणि काही गोळ्यांचं तसं नाही, त्याकडे पुढे येऊ.) ज्यांना एका झटक्यात जमतं त्यांनी तसंच करावं. बाकीच्यांनी दोन आठवड्यांच्या आतली एक तारीख ठरवावी. तारीख तोंडी नको. माता-बाल कार्डाच्या एखाद्या कोऱ्या जागी पेनाने लिहावी.

पहिले तीन दिवस काहीच कमी करायचं नाही, फक्त मोजायचं. किती वेळा, कधी, आणि त्याआधी काय चाललं होतं. चहा, भांडणं, टीव्ही, संडास. बहुतेकींच्या लक्षात येतं की चारपैकी दोन वेळा तल्लफ नसते, सवय असते. त्या दोन आधी जातात आणि फार कटकट न करता जातात. चिवट असते ती सकाळची. तिला उडवायचं नाही, ढकलायचं. उठल्यावर लगेच लावत असाल तर आधी चहा, मग अर्ध्या तासाने, मग नाश्त्यानंतर. लावल्यावर दहा मिनिटं न बसता दोन मिनिटांत चूळ भरायची. शोषण हे काळावर चालतं, त्यामुळे तीच चिमूट असली तरी आत कमी जातं. आणि डबी न्हाणीघरातून उचलून माळ्यावर ठेवायची. साधी गोष्ट आहे, पण तल्लफेची लाट तीन ते पाच मिनिटांची असते, आणि माळ्यावरून डबी काढायला शिडी शोधावी लागली तर तेवढा वेळ तसाच निघून जातो.

तोंडाला पर्याय हवाच. भाजलेली बडीशेप, जवस, ओव्याची चिमूट, आवळ्याचा वाळवलेला तुकडा. सुपारी मात्र नको. "नुसती सुपारी खाते, तंबाखू नाही" ही पळवाट आहे. सुपारीत अरेकोलिन असतं, तेही वारेतून पार जातं आणि त्याचीही सवय लागते. काहींना ती काळी पूड आणि ते बोट फिरवणंच हवं असतं. त्यांना साधी राखुंडी चालून जाते. दातांचे डॉक्टर नाक मुरडतील, कारण राखुंडीने दातांचं कवच झिजतं, आणि त्यांचं बरोबरही आहे. पण राखुंडीने दात झिजतील आणि मशेरीने बाळ, यात निवड करायची झाली तर मी काही महिने राखुंडीच्या बाजूने उभा राहीन.

ब्रशवर यायचं असेल तर तिथे एक ठरलेला खड्डा आहे. मशेरी सोडून बाई ब्रश घेते, पहिल्याच दिवशी बेसिनमध्ये रक्त दिसतं, आणि ती ठरवते की ब्रश आपल्याला सोसत नाही. रक्त ब्रशमुळे येत नसतं, सुजलेल्या हिरड्यांमुळे येत असतं. मऊ केसांचा, लहान मुलांचा ब्रश घ्यावा. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात. नेमाने आणि हलक्या हाताने घासलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त कमी होतं. सकाळी ब्रश तोंडात घालताच उलटी होत असेल तर वेळ बदलावी, नाश्त्यानंतर करावं. उलटी झाल्यावर लगेच घासू नये, नुसती चूळ भरून अर्धा तास जाऊ द्यावा, नाहीतर पोटातलं आम्ल दातांवर चोळलं जातं.

दुसरा खड्डा पोटाचा. मशेरी सुटते त्याच सुमारास लोहाच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात, आणि बद्धकोष्ठ दोन्हीकडून घेरतं. मग मशेरीकडे परत जावंसं वाटतं आणि लोहाच्या गोळ्या उशीखाली जमा होतात. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, दिवसभरात पालेभाजी, भिजवलेल्या मनुका. तरी नाही जमलं तर दवाखान्यात सांगून औषध घ्यावं, लाजू नये. चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणं हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. हे घरात आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे "सून आजकाल उलट बोलते" अशी त्याची नोंद होणार नाही.

औषधांच्या दुकानात निकोटीनचं च्युइंगम मिळतं, ते गर्भवतीने आपल्या मनाने घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शनात गर्भवतींसाठी त्याची शिफारस केलेली नाही, आणि ब्युप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन या तंबाखू सोडवण्याच्या गोळ्यांना तर नकारच दिला आहे. गरोदरपणात मुख्य औषध म्हणजे बोलणं आणि पुन्हा पुन्हा विचारपूस. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-11-2356 मोफत आहे. पण माझ्या मते सगळ्यात कामाचं माणूस फोनवर नसतं, घरात असतं. मशेरी भाजते सासू. डबी तिची, तवा तिचा. आशाताईने सुनेला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं तर सून मान डोलावेल आणि संध्याकाळी सासूच्या शेजारी बसून बोट बुडवेल. म्हणून सांगायचं ते दोघींना एकत्र, आणि आधी सासूला. "मावशी, तुम्ही सोडा असं नाही म्हणत. पण सुनबाईचे नऊ महिने होईपर्यंत घरात भाजू नका." मावशींचा मान राहतो आणि धूरही थांबतो.

विदर्भात डबीची जागा खर्ऱ्याने घेतली आहे. सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोट घोट घोटायचं, की खर्रा तयार. यातला चुना चवीपुरता नसतो. चुन्याने तोंडातलं मिश्रण अल्कधर्मी होतं, आणि तशा अवस्थेत निकोटीन अस्तरातून फार सहज आत शिरतं. म्हणजे तंबाखू तेवढीच ठेवून फक्त चुना वाढवला तरी बाळापर्यंत जाणारा वाटा वाढतो. गुटखा राज्यात 2012 पासून बंद आहे, पण खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो आणि बायका तो मुलाला पाठवून मागवतात.

आणि एक बाई अशी आहे जी यांतलं काहीच तोंडाला लावत नाही. सोलापूरला, सिन्नरला, नगर जिल्ह्यात ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. सुपात तंबाखूचा भुगा, कापलेली तेंदूची पानं, दोऱ्याची रीळ. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे सातव्या महिन्यातही हात थांबत नाहीत. भुगा नाकातोंडात उडतो, बोटांच्या कातडीतूनही मुरतो. विडी कामगारांच्या लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटीन मोडून तयार होणारं द्रव्य, सापडतं. तिला "तंबाखू खाता का?" विचारून काय मिळणार? तिला सांगायचं वेगळं आहे. झोपायच्या आणि स्वयंपाकाच्या खोलीत तंबाखू ठेवू नका, दारात, वाऱ्यावर बसा, तोंडाला ओला रुमाल बांधा, खाण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, कामाचं लुगडं वेगळं ठेवा. काम सोडा म्हणणं सोपं आहे. हप्ता आपण भरणार नसलो तर ते म्हणू नये.

दारूकडे वळायचं तर आपल्याकडे तिचाही एक साजूक अवतार आहे. बाळंतिणीला गरम पाण्यातून दोन चमचे ब्रँडी, सर्दी झालेल्या तान्ह्याच्या छातीला आणि कधी जिभेलाही ब्रँडीचं बोट. काढ्यांचंही तसंच. दशमूलारिष्टासारखी आसवं-अरिष्टं आंबवूनच तयार होतात, त्यांत साधारण 5 ते 10 टक्के मद्यार्क आपोआप तयार झालेला असतो आणि बाटलीवर तसं छापलेलंही असतं. बाळंतपणानंतर घ्यायचं अरिष्ट काही जणी "ताकदीला" म्हणून सातव्या महिन्यातच सुरू करतात. वैद्याला विचारल्याशिवाय ते नको.

गर्भातल्या बाळावर दारूचा काय परिणाम होतो, हे फ्रान्समधल्या नांत शहरात लमवान आणि सहकाऱ्यांनी 1968 मध्ये 127 मुलांवरून मांडलं. फ्रेंचमध्ये छापलेला तो लेख फारसा कुणी वाचला नाही. 1973 मध्ये अमेरिकेत सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी त्या व्याधीला नाव दिलं, फीटल अल्कोहोल सिंड्रोम, आणि मग जग जागं झालं. डोळ्यांच्या फटी अरुंद, नाकाखालची पन्हाळ सपाट, वरचा ओठ पातळ. हा चेहरा घडतो तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे पुष्कळदा पाळी चुकल्याचं ध्यानात येईपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. म्हणून "पहिले तीन महिने सांभाळलं की झालं" हेही चूक, आणि "आता तर पाचवा लागला, पिऊन झालंच आहे, आता काय उपयोग" हे त्याहून चूक. थांबवलेल्या दिवसापासून उपयोग आहे. दिवस गेल्याचं कळण्याआधी लग्नात एखादा पेग झाला असेल, तर डॉक्टरांना सांगावं आणि पुढे बंद ठेवावं. तेवढ्या भीतीने गर्भपाताचा विचार करू नये.

किती चालते, याचं उत्तर शून्य आहे, कारण सुरक्षित अशी रेघ कुणालाच आखता आलेली नाही. "बिअरच तर आहे" म्हणणाऱ्यांसाठी हिशोब: 650 मिलीची 8 टक्क्यांची बाटली म्हणजे साधारण 41 ग्रॅम मद्यार्क. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 60 मिलीचा मोठा पेग म्हणजे 20 ग्रॅम. एक स्ट्राँग बिअर म्हणजे दोन मोठे पेग. गर्भाच्या यकृताकडे दारू मोडायची यंत्रणा जवळजवळ नसतेच, आणि गर्भजलात मुरलेली दारू बाळ पुन्हा गिळत राहतं.

मघाचा कंस इथे. रोज पिणारी बाई, आणि अशा बायका आहेत, वीटभट्टीवर आहेत तशा फ्लॅटमध्येही आहेत, तिने घरी एकदम बंद करू नये. सहा तासांनंतर हात कापायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, आणि आकडीत आई आणि बाळ दोघांचाही प्राणवायू तुटतो. तिला दाखल करून, औषधाच्या आधाराने सोडवावं लागतं. झोपेच्या गोळ्यांची जुनी सवय असेल तर त्याही हळूहळू उतरवतात. ब्राऊन शुगर किंवा कोडिनच्या खोकल्याच्या औषधाची सवय असेल तर गर्भारपणात ती झटक्याने तोडत नाहीत, डॉक्टर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधांवर आणतात आणि बाळंतपणानंतर बाळावर काही दिवस लक्ष ठेवतात. अशी बाळं साधारण पहिल्या एक ते तीन दिवसांत, कधी उशिरानेही, थरथरतात, किंचाळून रडतात, दूध टाकतात. आधी माहीत असलं तर उपचार करता येतो. गांजाचा अंश चरबीत साठून आठवडेच्या आठवडे राहतो, तेव्हा "महिन्यातून एकदाच" या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. पोलिसांची भीती पुष्कळ जणींना गप्प बसवते. थोड्या मालासाठी पकडली गेलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचाराला तयार झाली तर तिला खटल्यातून सूट देणारं 64-अ हे कलम एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यातच आहे, हे दवाखान्यातल्या माणसांनाही ठाऊक असायला हवं.

मशेरीचं पुढे काय होतं? बाळंतपणाला बाई माहेरी जाते. तिथे आईची डबी असते. नऊ महिने सासरी नेटाने टाळलेली मशेरी माहेरच्या न्हाणीघरात, पाठीला शेक घेतल्यावर, कंबर मोडल्यासारखी झालेली असताना परत हाताशी येते. "आता काय, बाळ तर बाहेर आलं." पण दुधात निकोटीनची पातळी रक्ताच्या जवळजवळ तिप्पट भरते. बाळ कमी झोपतं आणि किरकिर करतं. मग बाळाला दूध पुरत नाही असं ठरतं आणि वरचं दूध सुरू होतं. ती पायरी चुकीची. मशेरी सुटली नाही तरी अंगावरचं दूध तोडायचं नाही. आधी बाळाला पाजायचं, मग लावायची असेल तर लावायची, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत दोन-तीन तास मिळतात. हात साबणाने धुवायचा, कारण तेच बोट बाळाच्या तोंडात जातं.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येते, वजन करते, ताप बघते, नाळ बघते. त्या सहा फेऱ्यांत एकदा तरी तिने "जरा हात धुऊन येते" म्हणून न्हाणीघरात डोकवावं. डबी बहुधा डाव्या हाताच्या कोनाड्यात असते, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, बसल्या बसल्या हात पोचेल अशी. सहा-आठ महिन्यांनी रांगणाऱ्या बाळाने काही धरून उभं राहायचं म्हटलं, तर त्याचाही हात तिथपर्यंत पोचतो.